संघ खेळाडू निवडतो. खेळाडूने संघ निवडावा काय?

व्यावसायिक सांघिक खेळांत नवोदित खेळाडूने कोणत्या संघात दाखल व्हावे हे ठरविण्याच्या तीन प्रमुख पद्धती जगात रूढ आहेत. युरोपातील फुटबॉलमध्ये क्लब आणि खेळाडू परस्परांशी थेट करार करतात. अमेरिकेतील बहुतेक लीगमध्ये ‘ड्राफ्ट’ असतो, म्हणजे नव्या खेळाडूंची एकच यादी केली जाते, संघ ठरलेल्या क्रमाने त्यातून एकेक नाव उचलतात आणि ज्या संघाने नाव उचलले त्याच्याशिवाय त्या लीगमधील अन्य कोणाशीही खेळाडूला करार करता येत नाही. भारतात क्रिकेटने लिलावाची वाट धरली आणि कबड्डीने तिचे अनुकरण केले. खो-खोने मात्र ड्राफ्ट स्वीकारला. लिलावात बोली वाढते आणि ड्राफ्टमध्ये क्रम चालतो, एवढा फरक सोडला तर या दोन्ही पद्धतींमध्ये एक गोष्ट समान आहे: ज्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो त्याला, म्हणजे खेळाडूला, तुझी पसंती कोणती, असे कोणी विचारत नाही.

सोलापूरकरांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम जून 2023 मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे झाला, तेव्हा सहा संघांत ‘सोलापूर रॉयल्स’ हा संघ होता. परंतु त्या हंगामात सर्वाधिक गाजलेला सोलापूरचा मुलगा, अर्शिन कुलकर्णी, ‘ईगल नाशिक टायटन्स’कडून खेळत होता, आणि पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध 54 चेंडूंत 13 षटकारांसह 117 धावा काढून त्याने चार बळीही घेतले ते नाशिकच्या नावावर जमा झाले. त्याच वर्षाच्या 19 डिसेंबरला दुबईत झालेल्या आयपीएलच्या लिलावात लखनौ सुपर जायंट्सने त्याला 20 लाख रुपये या पायाभूत किमतीला घेतले. यात कोणाचा दोष नाही आणि त्याचे काही बिघडलेही नाही. तथापि जुळे सोलापुरात किंवा अन्यत्र मुलांना सकाळी सरावाला सोडणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की, जिल्ह्याचे नाव लावणारा संघ आणि जिल्ह्यात घडलेला खेळाडू यांच्यामध्ये लिलावाचे टेबल असते आणि त्या टेबलाभोवती खेळाडूची खुर्ची नसते.

ड्राफ्टचा जन्म खेळाडूंच्या हितासाठी झाला नव्हता, हे त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते. अमेरिकन फुटबॉलमधील फिलाडेल्फिया ईगल्स या दुबळ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी 1935 मध्ये अशी सूचना मांडली की, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड गेल्या हंगामात शेवटी राहिलेल्या संघाने सर्वप्रथम करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. श्रीमंत संघांकडे चांगले खेळाडू एकवटू नयेत, सामने चुरशीचे व्हावेत, हा या सूचनेचा उघड हेतू. त्याबरोबरच, एका खेळाडूसाठी दोन मालकांनी परस्परांवर बोली चढवण्याचा प्रसंगच उरला नाही आणि वेतने आवाक्यात राहिली, हा लाभही मालकांच्या नजरेतून सुटण्यासारखा नव्हता. पहिला ड्राफ्ट 1936 मध्ये झाला. त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही, ही या पद्धतीच्या आरंभीचीच एक बोलकी विसंगती होय.

पुढे काही खेळाडूंनी उघड नकार दिला. जॉन एल्वे याने 1983 मध्ये बाल्टिमोरसाठी, तर एली मॅनिंग याने 2004 मध्ये सॅन डिएगोसाठी खेळण्यास अनिच्छा दाखवली. आइस हॉकीत एरिक लिंड्रॉस 1991 मध्ये क्वेबेक संघाकडे गेलाच नाही आणि वर्षभराने अदलाबदलीत फिलाडेल्फियाकडे पोहोचला. या तिघांचेही हट्ट पुरे झाले, कारण ते आपापल्या वर्षाच्या यादीतील पहिल्या क्रमांकाचे खेळाडू होते. चाळिसाव्या क्रमांकाच्या मुलाने असा हट्ट धरला असता तर त्याला घरी बसावे लागले असते. म्हणजे ड्राफ्टमध्ये निवडीचे स्वातंत्र्य अजिबात नसते असे नव्हे. ते नियमाने सर्वांना मिळण्याऐवजी वजनाने मोजक्यांना मिळते, आणि ज्यांना त्याची गरज अधिक असते त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

न्यायालयांनी या पद्धतीकडे संशयानेच पाहिले आहे. वॉशिंग्टन संघाने 1968 मध्ये निवडलेल्या जेम्स स्मिथ या खेळाडूच्या दाव्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने 1978 मध्ये तत्कालीन ड्राफ्ट स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करणारा ठरवला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या रग्बी लीगचा ड्राफ्ट तेथील संघीय न्यायालयाने 1991 मध्ये रद्द केला. अमेरिकेत ड्राफ्ट तरीही टिकला, कारण खेळाडूंच्या संघटनेशी सामूहिक वाटाघाटी करून झालेल्या करारातील अटींना तेथील कामगार कायदा संरक्षण देतो. म्हणजेच खेळाडूंनी संघटनेमार्फत संमती दिली, एवढ्यावरच आज या पद्धतीचा पाया उभा आहे. ही संमती मागे घेता येते, हेही अलीकडे दिसून आले. अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने ऑगस्ट 2024 मध्ये खेळाडू संघटनेशी नवा करार करून ड्राफ्ट पूर्णतः बंद केला आणि खेळाडूच्या संमतीवाचून तिची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करता येणार नाही, असेही मान्य केले. भारतात सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची अशी वाटाघाटी करणारी संघटनाच नाही. 2019 मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन ही निवृत्त खेळाडूंची आहे. तेव्हा येथे संमती कोणी आणि कोणाच्या वतीने दिली, असा प्रश्न विचारल्यास उत्तर देणारे कोणीही पुढे येणार नाही.

आयपीएलच्या आरंभी खुद्द क्रिकेटमध्येही एक छोटा ड्राफ्ट झाला होता, हे आता फारसे कोणाच्या स्मरणात नसेल. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय मुलांची मार्च 2008 मध्ये संघांत अशाच क्रमाने वाटणी झाली. दिल्लीच्या संघाने आपल्याच शहरातील विराट कोहलीऐवजी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला आणि कोहली बंगळूरकडे गेला. तेथेच तो पुढे सलग अठरा हंगाम खेळला आणि अठराव्या हंगामात, 3 जून 2025 रोजी, त्याच्या संघाने पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. ड्राफ्टचे समर्थक हे उदाहरण आनंदाने देतील, आणि घरापासून दूर, नवख्या गावात मुलाला उत्तम घर मिळू शकते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते. परंतु त्याच वाटणीत राजस्थानकडे गेलेल्या रवींद्र जडेजाचे उदाहरण त्याशेजारी ठेवले पाहिजे. ठरलेल्या मार्गाबाहेर दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल त्याला 2010 चा संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले, आणि 2011 च्या लिलावात कोची संघाने त्याच्यासाठी साडेनऊ लाख डॉलर मोजले. बाजारात त्याची किंमत काय होती हे त्या आकड्याने सांगितले. ती स्वतः विचारायला जाणे मात्र नियमभंग ठरले होते. (नोव्हेंबर 2025 मध्ये अदलाबदलीने तो पुन्हा राजस्थानकडेच परतला, ही त्यातली गंमत.)

निवड खेळाडूच्या हाती असली म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच मिळते. मिरे गावची किरण नवगिरे हिने राज्यांच्या क्रिकेटमध्ये संघ बदलून नागालँडकडून खेळण्याचा मार्ग घेतला; देशांतर्गत क्रिकेटमध्ये मूळ संघटनेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन खेळाडूला दुसऱ्या राज्याकडून पाहुणा म्हणून खेळता येते, ही सोय तिच्या उपयोगी पडली. एप्रिल 2022 मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्धच्या टी-20 सामन्यात तिने 162 धावा केल्या, त्याच सप्टेंबरमध्ये ती भारताकडून खेळली आणि 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात यूपी वॉरियर्झने तिला 30 लाखांना घेतले. ऑक्टोबर 2025 मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध नागपुरात तिने 34 चेंडूंत शतक पूर्ण केले. नागालँडचा संघ काही बलाढ्य म्हणून ओळखला जात नाही. पण खेळाडूला हवे असते ते मैदानावर उतरण्याचे स्थान, आणि ते कोठे मिळेल हे अनेकदा तिलाच सर्वांत आधी कळते. समतोलाच्या दृष्टीने पाहिले तरी येथे चांगली खेळाडू दुबळ्या संघाकडे गेली, आणि तिला तेथे धाडण्यासाठी कोणत्याही ड्राफ्टची गरज पडली नाही.

या वादाचा खरा कस मात्र खो-खोमध्ये लागतो. ‘अल्टिमेट खो-खो’ ही लीग 2022 मध्ये सुरू झाली. 14 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर या काळात पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात तिचा पहिला हंगाम झाला आणि अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाला 46–45 असे अवघ्या एका गुणाने हरवले. या लीगच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये खेळाडूंचे चार गट पाडून प्रत्येक गटाचे मानधन आधीच ठरवलेले होते: ‘अ’ गटाला 5 लाख, ‘ब’ला 3 लाख, ‘क’ला दीड लाख आणि ‘ड’ला 1 लाख रुपये. खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ, आणि त्याचे नामवंत खेळाडूही मोठ्या संख्येने इथलेच. परंतु सहा संघांपैकी ‘मुंबई खिलाडीज’ हा एकच संघ महाराष्ट्राचा होता. त्यामुळे वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्सचा खेळाडू झाला आणि पुण्याचा प्रतीक वायकर तेलुगू योद्धाजचा कर्णधार. पुढे 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत नेपाळला 54–36 असे हरवून भारताने पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, तेव्हा भारतीय संघाचे नेतृत्व वायकरकडे होते आणि कश्यपही त्याच संघात होता.

मानधन जर आधीच ठरलेले असेल, तर ड्राफ्टच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद येथे लंगडा पडतो. श्रीमंत मालक जास्त पैसे देऊन चांगले खेळाडू पळवील, ही भीती गटवार मानधनानेच दूर केलेली असते; उरतो तो फक्त कोणी कोठे जावे हा प्रश्न, आणि तो सोडवताना केवळ एकाच बाजूची इच्छा विचारात घ्यावी याला सयुक्तिक कारण सापडत नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश फेरीत विद्यार्थी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरतो, महाविद्यालयांच्या जागा मर्यादित असतात, गुणानुक्रम असतो, आणि तरीही हजारो मुलांची वाटणी त्यांना विचारूनच होते. सहा संघ आणि दीडशेच्या आसपास खेळाडू यांची अशी वाटणी करणे त्याहून अवघड नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्येच दाखवून दिले की, दोन्ही बाजूंचे पसंतीक्रम घेऊन अशी जुळणी करता येते की, तिच्यात नाराज राहिलेला खेळाडू आणि त्यालाच अधिक पसंत करणारा दुसरा संघ अशी जोडी शिल्लक राहतच नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालये मिळतात ती 1952 पासून याच धर्तीच्या जुळणीने. शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला तो याच विषयातील कामासाठी. सर्व चांगले खेळाडू विजेत्या संघाचेच नाव वर लिहितील, असा आक्षेप येईल; त्यावर उपाय म्हणून तळाच्या संघाला ‘अ’ गटाच्या जागा जास्त आणि विजेत्याला कमी द्याव्यात, म्हणजे बर्ट बेल यांना जे हवे होते ते खेळाडूचे तोंड न दाबता साधेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पसंती द्यायला लावली, तर ती त्याची असेल की त्याच्या मामाची, प्रशिक्षकाची किंवा दलालाची? हा धोका खोटा नाही, विशेषतः जेथे एका हंगामाचे मानधन घराच्या वर्षभराच्या मिळकतीपेक्षा मोठे ठरू शकते तेथे. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने वैभव सूर्यवंशीला 1 कोटी 10 लाखांना घेतले तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. आणि 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षमच नसते. परंतु या आक्षेपातून निष्कर्ष निघतो तो मुलाला सल्ला आणि संरक्षण मिळाले पाहिजे असा. त्याच्या वतीने अनोळखी मालकाने निवड करावी असा नव्हे. प्रो कबड्डीत नवोदित तरुण खेळाडूंशी संघ लिलावाबाहेर थेट करार करतात, तेथे मुलगा आणि त्याचे पालक निदान समोरच्याशी बोलू शकतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच वाटेने पुणेरी पलटणमध्ये आला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत त्याच्याच नेतृत्वाखाली त्या संघाने पहिले विजेतेपद पटकावले.

पहिल्या निवडीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व बंधनाच्या मुदतीला आहे. तीन आठवड्यांच्या हंगामासाठी नको त्या संघात जावे लागले तर फारसे बिघडत नाही. तोच संघ खेळाडूला वर्षानुवर्षे धरून ठेवू शकत असेल तर त्याच्या उमेदीचा काळ त्यात संपतो, कारण कबड्डी आणि खो-खो या खेळांत शरीर साथ देते तो काळ आखूड असतो. आयपीएलमधील ‘राइट टू मॅच’ किंवा प्रो कबड्डीतील ‘फायनल बिड मॅच’ या तरतुदींनुसार, दुसऱ्याने लावलेली बोली तेवढ्याच रकमेत स्वीकारून जुना संघ खेळाडूला परत घेऊ शकतो. हा हक्क संघाचा आहे, त्याला ‘नको’ म्हणण्याचा समांतर हक्क खेळाडूला दिलेला नाही. लीग उभी राहण्यासाठी आरंभी काही बंधन सोसावे, हे समजण्यासारखे आहे. पण ते एका ठरलेल्या तारखेला सुटले पाहिजे, आणि त्यानंतर संघ निवडण्याचा अधिकार खेळाडूकडेच आला पाहिजे.

खो-खोच्या पुढील ड्राफ्टपूर्वी आयोजकांनी आणि महासंघाने खेळाडूंकडून सहा संघांचा पसंतीक्रम लेखी मागवून पाहावा. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेलाही महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये हा प्रयोग निदान एकोणीस वर्षांखालील खेळाडूंपुरता करता येईल. तोपर्यंत, मुलाच्या करारावर पालक म्हणून सही करणाऱ्यांनी मानधनाच्या आकड्याआधी मुदतीचे आणि संघाने खेळाडूला कायम ठेवण्याचे कलम वाचावे, आणि ते समजले नाही तर वकिलाला दाखवल्याखेरीज सही करू नये.