गप्प बसणे वेगळे, शांत होणे वेगळे

जळगाव/धुळे, प्रतिनिधी – दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की खान्देशातील घराघरांत एक वाक्य ऐकू येते : ‘घाबरू नकोस, लांब श्वास घे.’ सल्ला चुकीचा नाही. पण तो अर्धवट आहे आणि बहुधा उशिरा दिलेला असतो. प्रश्नपत्रिका हाती पडताच ज्याच्या तळहातांना घाम सुटला आहे, त्याने पूर्वी कधीच न केलेली गोष्ट नेमकी त्या क्षणी करावी, अशी अपेक्षा आपण धरतो. विहिरीत पडलेल्याला काठावरून पोहण्याचे धडे द्यावेत, तसाच हा प्रकार होय.

सल्ला अर्धवट का, हे समजून घेण्यासारखे आहे. ‘लांब श्वास घे’ म्हटले की मूल खांदे उचलून, छाती फुगवून जोराने हवा आत ओढते. असे भराभर आठ-दहा वेळा केले, तर शरीरातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खाली येते. डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात. आधीच घाबरलेल्या मुलाला वाटते, आपल्याला काहीतरी होते आहे. भीती घटण्याऐवजी वाढते.

शांत करण्याचे काम मुख्यतः करतो तो सोडलेला श्वास. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित मंदावते. यामागे ‘व्हेगस’ या मज्जातंतूचा मोठा वाटा असून लहान मुलांत हा चढउतार मोठ्यांपेक्षा अधिक ठळक असतो. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडण्याचा अवधी थोडा लांबला की शरीराला धोका टळल्याचा संदेश मिळतो. चुलीजवळ फुंकणी घेऊन बसणारी आजी आठवावी. ती धसमुसळेपणा करीत नाही. निखारा फुलेपर्यंत एकसारखी, संथ फुंकर घालते. मुलांना दाखवायचा श्वास तो हाच.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ३४२ मुलांवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले साधारण सात वर्षांची होती आणि प्रयोगशाळेत नव्हे, तर क्रीडांगण, संग्रहालय, शिबिर अशा गजबजलेल्या जागी होती. त्यांना जेमतेम मिनिटभराची चित्रफीत दाखविण्यात आली : फूल हुंगल्यासारखा श्वास घ्या, मेणबत्ती विझवल्यासारखा सोडा. तेवढ्या मोजक्या श्वासांनीही हृदयाची गती मंदावल्याचे आढळले. आपल्याकडे फूल आणि मेणबत्तीच हवी, असे नाही. हिवाळ्यात जळगावी भरिताचा वास ओढून घ्यायचा आणि कळण्याच्या गरम भाकरीवर फुंकर घालायची, हे इथल्या पहिलीतल्या मुलालाही सांगावे लागत नाही. सूचना घरच्या बोलीत, अहिराणीत, तावडीत किंवा पावरीत दिली, तर आणखी सोपे.

येथे एक चूक सर्रास होते. प्रौढांसाठीचे ‘चार आकडे श्वास घ्या, चार आकडे रोखा’ असे हिशेब मुलांच्या गळ्यात बांधले जातात. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. सहा वर्षांच्या मुलाचे श्वास वीसच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक असतात. त्याला मोठ्यांच्या मापाने श्वास लांबवायला लावणे म्हणजे वडिलांच्या चपला घालून पळायला लावणे. श्वास रोखायला तर लहान मुलांना सांगूच नये. दम्याचा त्रास असलेल्या मुलांकडून भस्त्रिकेसारखे जोराचे प्रकार करून घेऊ नयेत. श्वसनाचा कोणताही व्यायाम त्यांच्या औषधाची जागा घेत नाही.

श्वास बदलण्याऐवजी तो नुसता पाहण्याची दुसरी रीतही महाराष्ट्राला परिचित आहे. सत्यनारायण गोयंका यांनी रुजविलेल्या विपश्यना परंपरेतील ‘आनापान’ ती हीच. भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील इगतपुरीत १९७६ मध्ये ‘धम्मगिरी’ची स्थापना झाली, धुळ्याजवळ तिखी येथे ‘धम्म सरोवर’ हे केंद्र आहे. आनापानात मोजणी नाही, नामजप नाही, श्वास लांबविणेही नाही. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा स्वाभाविक श्वास जाणायचा, मन भरकटले की न रागावता त्याला परत आणायचे, एवढेच. शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या साहाय्याने २०११-१२ च्या सुमारास ‘मित्र उपक्रमा’द्वारे ही साधना राज्यातील शाळांत नेली. शाळेच्या वेळात रोज थोडी मिनिटे सराव, अशी त्याची आखणी होती.

कल्पना चांगली, पण कसोटी वर्गात लागते. साठ मुलांच्या वर्गात ‘डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या’ ही सूचना ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ याच सुरात दिली गेली, तर मुले ती तशीच ऐकतात. वर्ग गप्प होतो, शांत होत नाही. दंगा केला म्हणून ‘पाच मिनिटे श्वास बघ’ अशी शिक्षा दिली, की त्या मुलासाठी श्वास कायमचा शिक्षेच्या यादीत गेला. शिक्षकाने स्वतः मुलांबरोबर बसावे; डोळे मिटणे ज्याला नकोसे वाटते, त्याला उघडे ठेवू द्यावेत.

या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांकरवी सरसकट साऱ्या वर्गाला दिलेल्या सजगतेच्या धड्यांमुळे मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या शाळांतील मुलांपेक्षा सुधारले, असे दिसले नाही. बहुतेक मुले घरी सराव करीत नव्हती. वरच्या अमेरिकी अभ्यासाशी याचा विरोध नाही. क्षणाची धडधड कमी करणे ही एक गोष्ट, वर्षभराची चिंता दूर करणे ही दुसरी. पहिलीसाठी श्वास उपयोगी आहे. दुसरीसाठी एकटा श्वास पुरत नाही.

शाळांना सोपी वाट परिपाठातच आहे. प्रार्थना म्हणताना ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजे तो आपोआप लांब सुटतो. त्यानंतरची दोन मिनिटे याच कामी लावता येतील. घरी झोपण्यापूर्वीची वेळ बरी. पोटावर वही ठेवून उताणे झोपावे आणि ती वर-खाली होताना पाहावी, यात लहानग्यांना गंमत वाटते. सराव शांत दिवसांत व्हावा, म्हणजे परीक्षेच्या दिवशी तो आठवतो. खान्देशात आणखी एक पथ्य पाळावे : एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत मुलांना श्वासाला बसवू नये. पारा पंचेचाळिशीकडे असताना गरज असते पाण्याची आणि सावलीची.

काही मुलांच्या बाबतीत मात्र श्वासावर थांबून चालत नाही. शाळेच्या दिवशी सकाळी नेमके पोट दुखते, झोप उडते, जेवण तुटते, मूल मित्रांना टाळू लागते आणि हे आठवडे-आठवडे चालते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते. तेथे मराठीतून बोलता येते आणि फोन पालकांनी केला तरी चालतो.