प्रोटॉनचे वस्तुमान येते कुठून?

बाजारातून आणलेल्या एक किलो तांदळाचे वस्तुमान जवळजवळ संपूर्णपणे त्यातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या कणांचे असते. हे दोन्ही कण क्वार्कांचे बनलेले आहेत. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाउन’, तर न्यूट्रॉनमध्ये एक ‘अप’ आणि दोन ‘डाउन’ क्वार्क असतात. मात्र या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या साधारण एक टक्काच भरते. किलोभर तांदळातील क्वार्क वेगळे काढून तोलता आले असते, तर काटा दहा ग्रॅमच्या आसपास थांबला असता. मग उरलेले वस्तुमान येते कुठून?

त्याचे उत्तर ऊर्जेत आहे. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाचे वाहक म्हणजे ग्लुऑन. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ऊर्जेलाही वस्तुमान असते. प्रोटॉनमध्ये कोंडलेल्या क्वार्कांची गती आणि ग्लुऑनांची ऊर्जा हेच प्रोटॉनचे बहुतांश वस्तुमान होय. या बलाचा सिद्धांत, म्हणजेच क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, १९७३ पर्यंत आकाराला आला होता. तथापि तत्त्व कळले तरी हिशेब जुळवणे दुष्कर होते. ग्लुऑन एकमेकांनाही ओढतात, आणि प्रोटॉनएवढ्या अंतरावर हे बल इतके प्रबळ असते की, लहान लहान दुरुस्त्या करीत अचूक उत्तराकडे जाण्याची नेहमीची पद्धत तेथे निरुपयोगी ठरते.

१९७४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी वेगळी वाट दाखविली. अवकाश आणि काळ सलग न मानता त्यांची चार मितींची जाळी कल्पावी, जाळीच्या बिंदूंवर क्वार्क ठेवावेत आणि बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ग्लुऑन. दोन बिंदूंमधील अंतर प्रोटॉनच्या आकाराहून बरेच कमी ठेवावे लागते. मग अंतर टप्प्याटप्प्याने कमी करीत गणित पुन्हा केले जाते आणि अंतर शून्य झाल्यास उत्तर काय येईल, याचा अंदाज बांधला जातो.

या जाळीवर ग्लुऑनांच्या रचना इतक्या संभवतात की, त्या सगळ्या तपासणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करावी तसे, अधिक संभाव्य असलेल्या रचनांचे नमुने निवडून त्यांची सरासरी काढली जाते. या पद्धतीस ‘मॉन्टे कार्लो’ म्हणतात. नमुने जितके अधिक, तितकी उत्तरातील अनिश्चितता कमी. त्यामुळेच या कामाला महासंगणक लागतात.

२००८ मध्ये बुडापेस्ट, मार्से आणि वुपर्टाल येथील शास्त्रज्ञांच्या गटाने या पद्धतीचे मोठे यश जाहीर केले. त्यांनी काही मोजक्या अन्य कणांची ज्ञात वस्तुमाने आधारासाठी घेतली. प्रोटॉनचे वस्तुमान मात्र गणितात घातलेले नव्हते. तरीही आलेले उत्तर प्रयोगातील मोजमापाशी काही टक्क्यांच्या मर्यादेत जुळले.

त्याहून नाजूक कसोटी २०१५ मध्ये पार पडली. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा केवळ ०.१४ टक्के जड आहे. ‘डाउन’ क्वार्क ‘अप’हून जड असल्याने न्यूट्रॉनचे वस्तुमान वाढते, तर विद्युतभारामुळे प्रोटॉनचे. या परस्परविरोधी परिणामांची वजाबाकी करून आलेला फरक १.५१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट होता. प्रयोगातील मूल्य १.२९ आहे. गणिताची अनिश्चितता लक्षात घेता दोन्ही आकडे सुसंगत आहेत.

हा फरक क्षुल्लक वाटला तरी आपले अस्तित्व त्यावर अवलंबून आहे. तो इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाहून, म्हणजे सुमारे ०.५१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहून कमी असता, तर हायड्रोजनचा अणू स्थिर राहिला नसता. प्रोटॉनने इलेक्ट्रॉन सामावून घेतला असता आणि मागे न्यूट्रॉन उरला असता. हायड्रोजन नाही तर पाणी नाही, आणि सूर्याला इंधनही नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही जाळीच्या या पद्धतीने संशोधन करीत आले आहेत. प्रोटॉनची फिरत, म्हणजे ‘स्पिन’, क्वार्क आणि ग्लुऑन यांच्यात नेमकी कशी वाटली गेली आहे, हा हिशेब जगभरातील गट आता अधिकाधिक अचूक करू पाहत आहेत.