विस्मृतीचा रोग व त्याचीं कारणें

वृद्धापकाळीं माणसास विसर पडावयाचाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण तर प्रत्येकाच्या तोंडीं असते. परंतु सातबारा कोठें ठेवला हें न आठवणें वेगळें, आणि सातबारा म्हणजे काय हेंच न उमजणें वेगळें. पहिलें वयामुळें घडूं शकतें. दुसरा मात्र रोग होय.

या रोगांपैकीं प्रमुख अल्झायमरचा. सन १९०१ मध्यें जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें आलोईस अल्झायमर या डॉक्टरांपुढें ५१ वर्षांची एक स्त्री आली. तिला स्वतःचें नांवहि नीट लिहितां येईना. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. तेव्हां पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे साठे व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता आढळला. साठा तो अमायलॉइड या प्रथिनाचा व गुंता तो टाऊ या प्रथिनाचा, हें पुढें कळलें. बाह्य लक्षणें दिसण्यापूर्वीं दहा-वीस वर्षें हा बिघाड सुरू झालेला असतो. मूळ किडल्यावर पानें पिवळीं पडण्यास अवधि लागतो, तसाच हा प्रकार होय.

कारणांपैकीं कांहीं आपल्या हातचीं नाहींत. वाढतें वय हें सर्वांत मोठें. ‘एपीओई-४’ हा जनुक असल्यासहि संभव वाढतो. तथापि तो असणाऱ्या प्रत्येकास रोग होतोच असें नाहीं. अगदीं थोडीं कुटुंबें सोडल्यास, बापास झाला म्हणून मुलास होणारच, ही भीति निराधार आहे.

दुसरीं कारणें मात्र टाळतां येण्याजोगीं आहेत. २०२४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनें अशीं १४ कारणें दाखविलीं : उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलें कोलेस्टेरॉल, स्थूलता, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्यास मार, बहिरेपणा, दृष्टिदोष, अपुरें शिक्षण, व्यायामाचा अभाव, खिन्नता, एकाकीपणा व दूषित हवा. तीं सर्व दूर झालीं तर बुद्धिभ्रंशाचे शंभरांपैकीं सुमारें ४५ प्रसंग टळतील वा लांबतील, असा तिचा अदमास आहे.

हा शहरी लोकांचा रोग, असें कोणी समजूं नये. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत भारतांतील साठीपुढील शंभरांत सुमारें सात जणांस बुद्धिभ्रंश आढळला, व तें प्रमाण खेड्यांत शहरांपेक्षां अधिक होतें. म्हणून शेतकरी बंधूंनीं चाळिशीनंतर वर्षांतून एकदां तरी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. ट्रॅक्टर व मळणीयंत्राच्या आवाजापासून कान जपावे, आणि ऐकूं येईनासें झाल्यास श्रवणयंत्र लावण्यास लाजूं नये. मोटारसायकलीवर हेल्मेट घालावें. उसाचें पाचट जाळूं नये, कुजवावें. धुरानें हवाहि बिघडते व जमिनीचा कसहि जातो.

घरांतील वडीलधारी माणसें नेहमींच्या वाटेवर चुकूं लागलीं किंवा पैशाच्या हिशेबांत गोंधळूं लागलीं, तर चेष्टा न करितां त्यांस डॉक्टरांकडे न्यावें. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या वा थायरॉइड ग्रंथीच्या उणिवेनेंहि विसर पडतो, व तो औषधानें बरा होऊं शकतो. अल्झायमर मुळापासून बरा करणारें औषध अद्याप नाहीं. तरी निदान लवकर झालें म्हणजे वडिलांस शुद्धीवर असतां आपल्या इच्छेप्रमाणें वांटणी व मृत्युपत्र करितां येतें. उशीर झाला, तर त्यांच्या सहीचाच वाद मुलांना कोर्टांत घेऊन जातो.