चित्रमालिकांचा वाढता खर्च



दूरचित्रवाणीवरील मालिका म्हटली म्हणजे चारसहा खोल्यांचा कायमचा देखावा, ठराविक नटसंच आणि दर आठवड्यास एक भाग, अशी व्यवस्था पुष्कळ वर्षें चालत आली होती. आतां इंटरनेटवरून मासिक वर्गणी घेऊन घरोघर मालिका पोंचविणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, आणि त्यांच्या एकेका भागाचा खर्च ऐकून सामान्य गृहस्थ थक्क होतो. ॲमेझॉन कंपनीची ‘दि रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका सप्टेंबर २०२२ मध्यें सुरू झाली. तिच्या पहिल्या आठ भागांस न्यूझीलंडच्या चलनांत ६५ कोटी डॉलर, म्हणजे अमेरिकन चलनांत सुमारें ४६.५ कोटी डॉलर खर्च आला. भागून पाहिलें तर दर भागास पावणेसहा कोटींहून थोडे अधिकच पडतात.

इतका पैसा जातो तरी कोठें, तो देतो कोण, आणि त्याची भरपाई कशी होते, ह्याचा उलगडा करण्याचा आज माझा विचार आहे. नटांचे पगार वाढले, संगणकानें काढलेलीं चित्रें महाग पडतात, हीं नेहमीचीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु तेवढ्यानें कोडें सुटत नाहीं. खरा फरक हिशेबाच्या पद्धतींत झाला आहे, आणि त्याचे परिणाम पडद्यापुरते राहिलेले नाहींत.

प्रथम वाढ किती झाली तें पाहूं. कंपन्या आपल्या वह्या सर्वांस दाखवीत नाहींत. तेव्हां वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांवरच बहुतेक भिस्त ठेवावी लागते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका २०११ मध्यें सुरू झाली तेव्हां दर भागास सुमारें ६० लक्ष डॉलर लागत. २०१९ मधील अखेरच्या पर्वांत हाच आंकडा दीड कोटीपर्यंत गेला. नेटफ्लिक्सनें २०१३ मध्यें ‘हाउस ऑफ कार्ड्स’ सुरू केली, तिच्या पहिल्या दोन पर्वांच्या २६ भागांस मिळून सुमारें १० कोटी डॉलर, म्हणजे दर भागास ३८ लक्ष पडले. त्याच कंपनीच्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वास २०२२ मध्यें दर भागामागें ३ कोटी डॉलर लागले. नऊ वर्षांत जवळजवळ आठपट! ह्याच नऊ वर्षांत अमेरिकेंतील सर्वसाधारण महागाई पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढली. अर्थात् महागाईच्या माथ्यावर हा सगळा भार टाकतां येत नाहीं.

आतां जुनी पद्धति कशी होती तें पहा. अमेरिकेंत मालिका तयार करणारी चित्रसंस्था निराळी आणि ती दाखविणारें प्रक्षेपणमंडळ निराळें, असा प्रघात असे. मंडळ मालिकेचें भाडें देई. परंतु तें बहुधा मूळ खर्चाहून कमी असे. राहिलेली तूट संस्था स्वतः सोसी. कशाच्या भरंवशावर? शंभराच्या आसपास भाग जमले म्हणजे तीच मालिका गांवोगांवच्या केंद्रांस आणि परदेशांस पुनःपुन्हां विकतां येई. मालिका चालली तर पैशाचा पाऊस, पडली तर तोटा. म्हणून सुरुवातीला हात आंखडून खर्च करणें भाग असे. ‘ई. आर.’ ही रुग्णालयाच्या जीवनावरील मालिका १९९४ मध्यें सुरू झाली. ती अतोनात लोकप्रिय झाल्यावर १९९८ मध्यें एन. बी. सी. मंडळानें दर भागास १ कोटी ३० लक्ष डॉलर भाडें कबूल केलें. ‘फ्रेंड्स’ मालिकेंतील सहाहि नटनटींना दर भागास प्रत्येकीं १० लक्ष डॉलर मिळूं लागले, ते २००२ नंतरच्या शेवटच्या दोन पर्वांत. म्हणजे त्या काळीं आधीं यश येई आणि मागाहून किंमत चढे.

नव्या पद्धतींत हा क्रम उलटा झाला. नेटफ्लिक्ससारखी कंपनी साधारणपणें मालिकेचा संपूर्ण खर्च आणि वर कांहीं टक्के नफा निर्मात्यास आरंभींच देते, आणि त्या बदल्यांत जगभरचे हक्क आपल्याकडे ठेवते. निर्मात्याची तूट गेली, त्याबरोबर पुढील विक्रीची आशाहि गेली. मग लेखक, दिग्दर्शक आणि नामांकित नट म्हणूं लागले कीं, मालिका गाजल्यावर मिळणारा आमचा वाटा जर बुडणार असेल, तर त्याची किंमत आजच चुकती करा. अशा रीतीनें जो पैसा पूर्वीं दहा वर्षांत नफा म्हणून वांटला जात असे, तो आज पहिल्याच दिवशीं खर्चाच्या रकान्यांत येऊन बसला. खर्चवाढीचा हा हिस्सा पडद्यावर कोठेंच दिसत नाहीं.

दुसरें कारण मासिक वर्गणींत आहे. खाणावळींत महिन्याचे पैसे एकदम भरले म्हणजे अमुक दिवशींच्या अमुक भाजीनें किती उत्पन्न दिलें, हें मालकास सांगतां येत नाहीं. तो एवढेंच पाहतो कीं, मेंबर टिकले कीं गेले. अशा वेळीं रोजच्या आमटीभाताकडे थोडें दुर्लक्ष करून रविवारीं थाटाची मेजवानी देण्याचा मोह होतो. कारण गांवांत बोलबाला होतो तो मेजवानीचा. प्रचंड खर्चाची मालिका ही ह्या कंपन्यांची रविवारची मेजवानी आहे. तिच्या खर्चाचा आंकडासुद्धां जाहिरातीचें काम करतो.

त्यांतून स्पर्धा आली. नोव्हेंबर १९, २०१९ च्या सुमारास नव्हे, तर त्याच महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत ॲपल आणि डिस्ने ह्या दोन बलाढ्य कंपन्यांच्या सेवा सुरू झाल्या. २०२० मध्यें एच. बी. ओ. मॅक्स आणि पीकॉक आल्या. पांचसहा श्रीमंत गिऱ्हाइकें एकाच बाजारांत शिरलीं. परंतु चित्रीकरणाचीं दालनें, कुशल सुतार, दिवेवाले, वेषभूषाकार आणि संगणकावर चित्रें रचणारे कारागीर कांहीं रातोरात वाढत नाहींत. भाव चढले. त्याच वर्षीं कोविडची सांथ आली आणि तपासण्या, विलगीकरण व खोळंबलेले दिवस ह्यांचा बोजा निराळा पडला.

प्रत्यक्ष कामाचें स्वरूपहि बदललें. पूर्वीं एका वर्षांत बावीस भाग निघत, तेव्हां एकदां उभारलेल्या देखाव्याचा खर्च बावीस ठिकाणीं वांटला जाई; आतां तो आठांवर पडतो. शिवाय घरोघर मोठे व सुस्पष्ट पडदे आल्यामुळें मालिकेनें चित्रपटाच्या तोडीचें दिसावें, अशी अपेक्षा झाली. ‘दि मॅन्डलोरियन’ ह्या २०१९ मधील मालिकेंत नटांच्या मागें दिव्यांची प्रचंड भिंत उभारून तिच्यावर परग्रहांचे देखावे दाखविण्यांत आले. अशा युक्त्यांनीं प्रवासाचा खर्च वांचतो. पण वांचलेला पैसा बहुधा अधिक भव्य देखाव्यांतच जिरतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ मध्यें दाखवून दिलें कीं, कारखान्यांत यंत्रानें माणशीं उत्पादन वाढतें, पण चौघांनीं वाजवायची संगीतरचना आजहि चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. वेतन मात्र इतर धंद्यांबरोबर वाढवावें लागतें. नाट्यकलेलाहि हाच नियम लागू आहे.

तर मग ह्या कंपन्या शुद्ध उधळपट्टीच करतात काय? येथें थोडें अंकगणित करूं. छापखान्यांत खिळे जुळविण्याचा खर्च एक प्रत काढा किंवा दहा हजार काढा, तेवढाच राहतो; प्रती वाढल्या कीं प्रतीमागें तो नगण्य होतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या त्या पर्वाचे नऊ भाग, म्हणजे एकूण २७ कोटी डॉलर झाले. त्या वेळीं नेटफ्लिक्सचे वर्गणीदार जगभर सुमारें २२ कोटी होते. दर घरामागें सव्वा डॉलरहि पडला नाहीं! पण ज्या कंपनीचे वर्गणीदार तीन कोटी, तिनें हाच थाट केला तर दर घरामागें नऊ डॉलर पडतील. मोठ्याशीं बरोबरी करण्याच्या ईर्षेनें लहानानें त्याच्याइतका खर्च करणें, हें संसारांत जसें घातक तसें धंद्यांतहि. खुद्द डिस्नेला ह्या सेवांत २०२२ च्या जुलै ते सप्टेंबर ह्या एकाच तिमाहींत जवळजवळ १५० कोटी डॉलर तोटा आला. त्याच वर्षाच्या आरंभीं नेटफ्लिक्सचेहि दोन लक्ष वर्गणीदार घटले होते. ॲमेझॉनच्या ‘सिटाडेल’ मालिकेवर सहा भागांसाठीं सुमारें ३० कोटी डॉलर खर्ची पडले. उलट ‘स्क्विड गेम’ ही २०२१ मधील कोरियन मालिका नऊ भागांस अवघे २ कोटी १४ लक्ष डॉलर लागून जगभर गाजली. खर्च आणि गोडी ह्यांचें प्रमाण ठरलेलें नाहीं, हें ह्यावरून उघड होतें.

आतां हा भार शेवटीं कोणावर पडतो तें सांगतों. पहिला करदात्यावर. न्यूझीलंड सरकार परदेशी मालिकांनीं आपल्या देशांत केलेल्या खर्चाचा पांचवा हिस्सा परत देतें. पुढील पर्वें तेथेंच होतील ह्या आशेवर असतां, ऑगस्ट २०२१ मध्यें ॲमेझॉननें ‘दि रिंग्ज ऑफ पॉवर’चें दुसरें पर्व ब्रिटनमध्यें करण्याचें जाहीर केलें. दुसरा भार लेखकांवर व नटांवर. भाग कमी झाल्यानें कामाचे आठवडे कमी झाले आणि पुनःप्रक्षेपणाचा मोबदलाहि आटला. अमेरिकेंतील लेखकांनीं २०२३ मध्यें १४८ दिवस आणि नटांनीं ११८ दिवस संप केला, त्याच्या मुळाशीं हें दुःख होतें. लेखकांना तडजोडींत असें मिळालें कीं, देशांतील २० टक्के वर्गणीदारांनीं पहिल्या ९० दिवसांत पाहिलेल्या नव्या मालिकेवर जादा मोबदला द्यावा. यशाचा वाटा यशानंतर, हें जुनें तत्त्व थोडेंसें परत आलें.

तिसरा भार प्रेक्षकावर, आणि तो सर्वांत कमी ध्यानांत येतो. अमेरिकेंत २०२२ मध्यें ५९९ कथामालिका निघाल्या होत्या. २०२३ मध्यें त्या ५१६ वर आल्या. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चीं पांच पर्वें, एकूण ४२ भाग, पुरीं होण्यास २०१६ पासून २०२५ पर्यंत नऊ वर्षें लागलीं, ‘ई. आर.’नें पहिल्या दोन वर्षांतच त्याहून अधिक भाग दिले होते. डिस्नेची ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्यें आली आणि मे २०२३ मध्यें, अवघ्या सहा महिन्यांत, कंपनीनें स्वतःच्याच दालनांतून काढून टाकली. डिसेंबर २०२२ मध्यें ‘वेस्टवर्ल्ड’चेंहि तेंच झालें. ग्रंथालयांतून पुस्तक गेलें तरी दुसऱ्याच्या कपाटांत त्याची प्रत असते. येथें सर्व हक्क एकाच्या हातीं. त्यानें दार लावलें कीं शेंकडों माणसांचें श्रम दिसेनासे होतात. वर्गणी भरणारा गृहस्थ आपण मालिका विकत घेतली असें समजत असेल, तर तो भ्रम आहे.

आपल्या देशाचा ह्यांत संबंध कितपत? नेटफ्लिक्सची पहिली भारतीय मालिका ‘सेक्रेड गेम्स’ ही मुंबईच्या जीवनावर बेतलेली होती. ती जुलै २०१८ मध्यें आली. डिसेंबर २०२१ मध्यें कंपनीनें भारतांतील दर उतरवून फोनपुरती वर्गणी १९९ रुपयांवरून १४९ वर आणली. हे त्या वेळचे सुमारें दोन डॉलर होत. दोन डॉलरच्या वर्गणीवर तीन कोटी डॉलरचा भाग पोसला जात नाहीं; तो पाश्चात्त्य देशांतील वर्गणीवर पोसला जातो. म्हणून येथील निर्मात्यांनीं त्या थाटाचें अनुकरण करण्यांत धोका आहे. ‘सिटाडेल’ची भारतीय शाखा ‘हनी बनी’ नोव्हेंबर २०२४ मध्यें आली, आणि एप्रिल २०२५ मध्यें ती पुढें न चालविण्याचें जाहीर झालें.

ह्या अंधारांत एक आशादायक उदाहरण आहे. ‘ई. आर.’च्या कांहीं कर्त्यांनींच जानेवारी २०२५ मध्यें ‘दि पिट’ ही मालिका आणली. एक रुग्णालय, एक पाळी आणि तिचे पंधरा तास म्हणून पंधरा भाग. दर भागास खर्च ४० ते ५० लक्ष डॉलर. सप्टेंबर २०२५ मध्यें तिला उत्कृष्ट नाट्यमालिकेचें एमी पारितोषिक मिळालें, आणि पुढचें पर्व वर्षभरांतच आलें. एकच देखावा पुष्कळ भागांस पुरविणें आणि पैसा संवादांत व अभिनयांत घालणें, ही जुनीच काटकसर तिनें नव्या व्यवस्थेंत आणली.

तेव्हां एखाद्या मालिकेवर अमुक कोटी खर्च झाले अशी जाहिरात दिसली, तर त्या आंकड्यानें दिपून जाऊं नये. त्यांतील किती पडद्यावर आले आणि किती उद्यांच्या नफ्याच्या मोबदल्यांत आजच गेले, तो खर्च किती घरांत वांटला जाणार, आणि ती कृति पांच वर्षांनीं पहावयास मिळेल कीं नाहीं, एवढे प्रश्न विचारावे. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणाहि गृहिणीस हे प्रश्न अवघड वाटणार नाहींत.