डाग त्वचेवरचा, सल मनातला

चैत्रातल्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलेले असते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे यांची लगबग चालू असते. अशा वेळी घरातली एखादी मुलगी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचे पोलके घालून आतल्या खोलीत काम काढून बसते. हळद लावून घेण्यासाठी हात पुढे करावा लागू नये, एवढीच तिची धडपड. तिच्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग उमटलेला असतो. घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. पण आईची झोप मात्र उडालेली असते.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या घरांना या दुःखात भाषेचीही ठेच लागते. आपण ज्याला कोड म्हणतो, त्याला हिंदीत ‘सफेद दाग’ म्हणतात. हिंदीतला ‘कोढ़’ म्हणजे महारोग. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘कुष्ठ’ हेच. त्यामुळे आपल्या माजघरात दबक्या आवाजात उच्चारलेला शब्द शेजारच्या अंगणात पोचेपर्यंत त्याचा अर्थच पालटतो.

वास्तविक या दोन विकारांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बहुधा शरीराच्याच संरक्षक यंत्रणेकडून नष्ट होतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. तिथली संवेदना शाबूत राहते. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने वा संसाराने कोड दुसऱ्याला होत नाही. महारोग जंतूंमुळे होतो, त्याचा चट्टा बधिर असतो, आणि तोही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते, या समजुतीलाही आधार नाही.

तरीही या विकाराचा घाव खोल बसतो, याचे एक कारण वय. सुमारे निम्म्या रुग्णांत कोडाची सुरुवात विसाव्या वर्षापूर्वी होते. आरशात स्वतःला न्याहाळण्याच्या वयातच आरसा नकोसा होतो. पुढे लग्नाची बोलणी निघाली, की ‘हे आले कोणाकडून?’ ही चौकशी सुरू होते. बहुतेक रुग्णांच्या घराण्यात दुसऱ्या कोणाला कोड नसते. तरीही दोष बहुधा आईच्या माहेरावर येतो आणि धाकट्या बहिणींची स्थळेही अडतात. मुलांनाही हे दुःख चुकत नाही. फक्त ते बोलून दाखवीत नाहीत.

मग लपवालपवी होते, आणि तीच अखेर घात करते. लग्नानंतर डाग दिसला, की फसवणुकीचा आरोप होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात महारोग हे घटस्फोटाचे कारण होते. तेही २०१९ साली वगळण्यात आले. कोडाचा तर त्या कारणांत कधीच उल्लेख नव्हता. कायद्याने जे मानले नाही, ते समाज मात्र मानीत आला.

उपचार आहेत. आयुर्वेदाला ठाऊक असलेल्या बावचीतील द्रव्य आधुनिक वैद्यकानेही वापरले. आज मलमे, अतिनील किरणांचे उपचार, त्वचारोपण हेही उपलब्ध आहे. मात्र त्यांना महिनोन् महिने लागतात. चेहऱ्यावरचे डाग तुलनेने लवकर भरतात, बोटांच्या टोकांवरचे हट्टी असतात. म्हणून ‘हमखास गुण’ सांगणाऱ्या जाहिरातींच्या मागे न लागता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ या चित्रपटातून कोड असलेल्या तरुणीकडे सुशिक्षित घर कसे पाहते, हे दाखविले. तो प्रश्न आपल्याही घराचा आहे. स्थळ पाहताना डागाची गोष्ट पहिल्याच भेटीत, मान खाली न घालता सांगावी. शेजारी विचारले, तर सरळ ‘सफेद दाग’ म्हणावे आणि हा लागट रोग नव्हे, हेही सांगावे. आणि पुढच्या हळदीकुंकवाला आतल्या खोलीतल्या त्या मुलीला बाहेर बोलावून तिचा हात आपण होऊन हाती घ्यावा व त्याला हळद लावावी. औषधाला वेळ लागतो. याला लागत नाही.