कुत्रा रात्री कुठे असतो?

आमच्या लेआउटमध्ये एक ओपन स्पेस आहे. जुन्नर असो, नारायणगाव असो की मंचर, शेतजमीन बिगरशेती होऊन मोठा लेआउट पडला की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांची मिळून असते. नकाशावर तिला हिरवा रंग दिलेला असतो. प्रत्यक्षात तिथे चार कडुनिंब, दोन सिमेंटचे बाक, गणपतीच्या मांडवाचे खड्डे आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत असतं. आमचीही तशीच आहे. तीन बाजूंना घरं, चौथ्या बाजूला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे ऊस.

या जागेवरून मी माझ्या शेजाऱ्यांशी तीन वर्षं भांडलो. भांडण त्यांच्या कुत्र्यावरून होतं. शेजारी निवृत्त शिक्षक, वयाने मोठे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कुत्र्याचं नाव मोती. जात गावठी, रंग तांबूस, स्वभाव अतिशय प्रेमळ आणि तेच दुखणं होतं. सर पहाटे त्याला ओपन स्पेसमध्ये मोकळा सोडायचे. तो अंगावर आला की लांबून आवाज यायचा, "काही करत नाही हो तो!" कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असतं. ज्याच्या अंगावर कुत्रा आलेला असतो त्याला ते कधीच पटत नाही.

तक्रारी सगळ्यांच्याच होत्या. मुलं क्रिकेट खेळत तिथेच घाण. काकूंना संधिवात, कुत्रा धक्का देईल ही भीती. माझी तक्रार जरा वेगळी होती. मी फजरच्या नमाजला निघायचो आणि नेमका त्याच वेळी मोती बाहेर यायचा. दोन्ही पाय माझ्या छातीवर, जीभ हातावर, लाळ पायजम्यावर. आमच्या घरचा रिवाज असा, की कुत्र्याची लाळ लागली तर ती जागा धुतल्याशिवाय नमाजला उभं राहायचं नाही. सरांचा समज झाला, की मला कुत्र्यांचा तिटकारा आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीचं पाणी बुटातून पाजणाऱ्याचे गुन्हे माफ झाले, ही गोष्ट मला अम्मीने लहानपणीच सांगितली होती. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मला शाळेत भेटले. दोघंही मला प्रिय आहेत. पण डिसेंबरच्या थंडीत पहाटे साडेपाचला परत फिरून पायजमा धुवावा लागला, की माणसाला गोष्टी आठवत नाहीत.

कुत्र्यांवरून माणसांनी भांडणं आपल्याकडे नवं नाही. १८३२ साली मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि बंदोबस्ताला लष्कर बोलवावं लागलं होतं. आमच्याकडे तेवढं झालं नाही. आमच्याकडे बैठक झाली.

बैठकीत निम्मा वेळ घाणीवर गेला. एका शेतकरी प्लॉटधारकाने रास्त प्रश्न विचारला, "शेणाचं खत होतं, मग कुत्र्याच्या घाणीने गवताचं काय बिघडतं?" तेव्हा कोणालाच उत्तर देता आलं नाही. नंतर मी एका पशुवैद्यकांना विचारलं. गाय-बैल गवत खातात, कुत्रा मांस खातो, हा पहिला फरक. दुसरा जास्त महत्त्वाचा. कुत्र्याच्या पोटात जंत असले तर त्यांची अंडी विष्ठेतून मातीत उतरतात आणि महिनोन्महिने टिकतात. मुलांची बोटं मातीतून तोंडात गेली की ती अंडीही जातात, आणि जंतांच्या अळ्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोचू शकतात. पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत. त्यांना मातीत पिकायला एक ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्याच दिवशी रद्दीच्या कागदाने घाण उचलली आणि कुत्र्याला वेळेवर जंताचं औषध दिलं, तर प्रश्न जवळजवळ मिटतो. न्यूयॉर्कसारख्या शहरात १९७८ साली यासाठी कायदा करावा लागला. आपली घाण आपण उचलायला कायदा लागतो, यात अमेरिकन माणूस आणि आपण सारखेच.

कायद्याचं म्हणाल, तर तो आम्हा दोन्ही पक्षांना माहीत नव्हता. सोसायटीने ठराव करून कुणाला कुत्रा पाळायलाच बंदी घालावी, हे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालत नाही. उलट बाजूने, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. आजच्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थोडक्यात, पाळा, पण सांभाळा.

आम्ही मात्र ठराव केला. मोतीला ओपन स्पेस बंद. आमचं आणि सरांचं घर जोडून आहे, मधला बोळ सामाईक. मोती रात्री त्या बोळात झोपायचा. तोही बंद, कारण पहाटे माझा रस्ता तिथूनच. "कुत्रा आपल्या हद्दीत बांधा," असं ठरलं. बैठकीत सगळ्यांत जास्त बोललो तो मी. माझ्या कवितांना कधी इतकी दाद मिळाली नव्हती.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी मोतीला मागच्या ओट्यावर बांधलं. मागचा ओटा ओपन स्पेसकडे, म्हणजेच उसाकडे तोंड करून आहे.

त्या हिवाळ्यात पलीकडच्या उसाला तोड लागली. एका रात्री दोनच्या सुमारास मोती भुंकला. नेहमीसारखा नाही, सलग आणि वरच्या पट्टीत. मी कूस बदलली. उद्या सरांना सांगायला हवं, असंही मनात आलं. मग एकदम शांत झालं. सकाळी ओट्यावर साखळी होती, तुटलेला गळपट्टा होता आणि गवतातून कुंपणापर्यंत ओढत नेल्याची खूण होती.

वनरक्षक आले. तिशीतला मुलगा. त्याने ठसे पाहिले, कुंपण पाहिलं, ओटा पाहिला आणि सरांना एकच विचारलं, "सर, कुत्रा रात्री कुठे असतो?" सरांनी ओट्याकडे बोट केलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तीन वर्षं आम्ही भांडलो ते सकाळच्या कुत्र्यावरून. रात्रीचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पुण्या-मुंबईत तो विचारायची फारशी गरज पडत नाही. जुन्नर-आंबेगावात तोच पहिला.

येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली आणि आमच्या कोरडवाहू रानांत ऊस आला. ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो. त्यात सावली, पाणी, आडोसा सगळं असतं. बिबट्याला जंगल आणि ऊस यांत फार फरक करायचं कारण नाही. माद्या उसात पिल्लं घालतात. तोडीच्या वेळी सापडतात ती हीच. मग खायचं काय? डोंगरापलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या मुलखातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे भरले. त्यांच्या विष्ठेवरून काढलेला हिशेब असा, की वजनाच्या मापाने ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं, कुत्री-मांजरं धरून. त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

कारण साधं आहे. दहा ते चाळीस किलोची शिकार बिबट्याला सगळ्यांत सोयीची, आणि गावठी कुत्रा भरतो पंधरा-वीस किलोचा. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते. कुत्रा उकिरड्यावर, चिकनच्या दुकानामागे, मंगल कार्यालयाच्या उष्ट्यापाशी मोकळा. शेळी गेली तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्रा गेला तर बहुतेक जण कळवतही नाहीत, म्हणून तो मोजलाही जात नाही.

आणि बांधलेला कुत्रा? तो रोज त्याच जागी असतो, भुंकून आपला ठिकाणा सांगतो आणि पळू शकत नाही. पिंजऱ्यात भक्ष्य ठेवतात ते याहून काय वेगळं असतं?

हे ऐकून आमच्या लेआउटमधल्या एका तरुणाने मुंबईचा दाखला दिला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे कमी होतात, असा अंदाज २०१८ साली संशोधकांनी मांडला आहे. तो खराच आहे. "मग बिबट्या फुकटात नगरपालिकेचं काम करतोय!" तो म्हणाला. सर तिथेच बसले होते. कोणी हसलं नाही.

दुसऱ्याने सुचवलं, वनखात्याला सांगून बिबट्या लांब नेऊन सोडू. तेही आमच्याकडे होऊन गेलंय. २००१च्या सुमारास जुन्नर वनविभागात बिबटे धरून दुसरीकडच्या जंगलांत सोडायचा मोठा उद्योग झाला. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले माणसांवर होत होते. त्या काळात ते सतरांवर गेले आणि त्यांतल्या मृत्यूंचं प्रमाणही दुपटीने वाढलं. आपली जागा सुटलेलं, अनोळखी मुलखात भेदरलेलं जनावर जास्त घातक ठरतं. आम्ही मोतीला बोळातून ओट्यावर हलवलं ते याच शहाणपणाने.

भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे जीव गेले, लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. त्यानंतर तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. धनगरांच्या मेंढवाड्यावर राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो तसाच पट्टा, कारण बिबट्या मानेलाच धरतो. ते फोटो पाहिले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता भटक्या कुत्र्यांचं. २०२३च्या केंद्रीय नियमांत वस्तीने त्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यावी, असं आहे. वेळ अशी, की जेव्हा मुलं आणि म्हातारी माणसं तिथे कमीत कमी असतील. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५च्या २२ ऑगस्टच्या आदेशात ठरलेल्या जागीच खाऊ घालण्यावर भर दिला. शहरासाठी हे उत्तम. पण मुलं आणि म्हातारे नसण्याची वेळ म्हणजे रात्रीची. आमच्या इथल्या दोन दयाळू मुली नियमाला धरून रात्री दहाला कुंपणापाशी भात ठेवायच्या. भातावर कुत्री येणार आणि कुत्र्यांवर कोण येणार, ते उसाला विचारा. मुलींना समजावणं अवघड गेलं नाही. नियम मोडतोय असं वाटू नये म्हणून आम्ही दुपारची अडीचची वेळ काढली. तेव्हा मुलं शाळेत आणि म्हातारे वामकुक्षीत असतात. जागा रस्त्याच्या बाजूची, आणि उरलेलं अन्न तासाभरात उचलायचं. कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यांसाठी अर्ज दिलेला आहे. अर्ज आहे, एवढंच सांगतो.

पाळीव कुत्र्यांसाठी ठरलं ते असं: ऊन वर आल्यावर फिरवायचं आणि दिवेलागणीच्या आत परत आणायचं. पट्टा आखूड, हातात. कुत्रा उसाकडे बघून थबकला, केस उभे राहिले, तर त्याला पुढे ओढायचं नाही, आपणच मागे फिरायचं. त्याला आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. कुंपणालगतचं गवत पंधरा दिवसांनी कापायचं. बिबट्या दिसला तर फोन घेऊन मागे धावायचं नाही. त्याच फोनवरून वनखात्याचा १९२६ लावायचा. आणि रात्री कुत्रा दाराच्या किंवा जाळीच्या आत.

भांडणं संपली म्हणता येणार नाही. पट्टा आखूड म्हणजे किती, यावर मागच्या महिन्यात दोन घरांत अबोला झाला. घाण उचलण्याचा नियम पावसात पाळायचा का, हाही प्रश्न आलाच. मी आता बैठकीत कमी बोलतो.

सरांनी यंदा पिल्लू आणलं. त्यासाठी बोळाच्या दोन्ही टोकांना लोखंडी जाळी बसवली. निम्मे पैसे मी दिले; सर घ्यायला तयार नव्हते, म्हणून त्यावरूनही थोडं भांडावं लागलं. पहाटे मी आता पुढच्या दाराने निघतो, हातात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने काहीतरी लावलेलं. पिल्लू जाळीआडून कुईकुई करतं. त्याला नाव ठेवायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं आहे. दीड महिना झाला. सर रोज विचारतात, अजून सुचलेलं नाही.