जुनी फियाट, घाट आणि तीन द्रव

माळशेज घाट चढून आलेली एखादी फियाट रस्त्याच्या कडेला उभी आहे, बॉनेट उघडे आहे आणि चालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवतो आहे, हे दृश्य जुन्नर तालुक्यात एके काळी नेहमीचे होते. थोड्या वेळाने गाडी सुरू होई. फडक्याने नेमके काय केले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नसे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी ही गाडी पुढे 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या टॅक्सीतून ती 2023 मध्ये निवृत्त झाली. पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून दिसतात. अशी गाडी रंगवून दारात ठेवणे वेगळे आणि मंचर-घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावर रोज भरवशाने चालवणे वेगळे. अमेरिकेतल्या 1964 च्या पाँटिअ‍ॅक जीटीओचे इंजिन सुमारे 6.4 लिटरचे, तर आपल्या फियाटचे अवघे 1.1 लिटरचे, पण दोघींपुढचा प्रश्न एकच आहे. गाडीतले तीन द्रव नको तिथे उकळता कामा नयेत.

पहिला द्रव : पाणी

रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते. ती आतली वाफ कोंडून दाब वाढवते. हा दाब बाहेरच्यापेक्षा अर्ध्या वातावरणाइतका जास्त असेल, तर समुद्रसपाटीला पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंश सेल्सिअसला उकळते. आपला प्रेशर कुकर याच तत्त्वावर चालतो. म्हणून स्प्रिंग सैल झालेले झाकण आधी बदलावे. रेडिएटरच्या नळ्यांत साचलेला क्षार काढावा, नाहीतर उष्णता बाहेर पडत नाही. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरला की पाणी क्षणात उकळून अंगावर उडते.

दुसरा द्रव : पेट्रोल

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 35-40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. फियाटची टाकी मागे, तर पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे नळीतला दाब कमी होतो. दाब घटला की उत्कलनबिंदूही उतरतो. त्यातच इंजिनाची उष्णता मिळाली की नळीत वाफ धरते. पंप मग पेट्रोलाऐवजी वाफच ओढत बसतो आणि गाडी बंद पडते. ओल्या फडक्यातले पाणी बाष्पीभवन होताना पंपाची उष्णता घेते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

कायमचा उपाय म्हणजे पंप व इंजिन यांच्यामध्ये उष्णतारोधक तुकडा बसवणे आणि नळी धुराच्या पाइपापासून दूर नेणे. टाकीजवळ विजेचा पंप बसवला तर तो पेट्रोल ढकलतो. नळीतला दाब वाढतो आणि उत्कलनबिंदूही. आजच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्यात फुगते, चिरते. तेव्हा नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा हवा.

तिसरा द्रव : ब्रेक ऑइल

खरा धोका उतारावर आहे. माणसांसह 1200 किलोग्रॅमची गाडी 500 मीटर खाली उतरली, तर तिची स्थितिज ऊर्जा 1200 × 10 × 500, म्हणजे 60 लाख ज्यूलने घटते. एवढ्या उष्णतेने 25 अंशांचे सुमारे 19 लिटर पाणी उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक यातला बहुतेक भार चार ब्रेक-ड्रमांवर टाकतो.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. वाफ दाबली जाते, द्रव जवळपास दाबला जात नाही. म्हणून ऑइल उकळले की पाय खाली जातो, पण ब्रेक लागत नाही. ऑइल दोन वर्षांनी बदलावे, चाकांतली ब्रेकची रबरे नवी घालावीत, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा.

वर्गात करून पाहा

उकळून थोडे निवलेले, 60-70 अंशांचे पाणी शिक्षकांनी सुई काढलेल्या पिचकारीत अर्धे भरावे. हवा बाहेर काढून टोक खोडरबरावर घट्ट दाबावे आणि दट्ट्या मागे ओढावा. चूल नसताना पाणी उकळताना दिसेल. दट्ट्या सोडला की उकळी थांबेल. घाटात बंद पडलेल्या फियाटच्या नळीत हेच घडते.

म्हणून जुनी गाडी हाती घ्याल तेव्हा आधी ब्रेक, मग पाणी, मग पेट्रोल. रंग सगळ्यांत शेवटी.